वरच्या मजल्यावरची गुडगुड

संडासात बादली ओतली की शेजारच्या बाथरूमची जाळी गुडगुडायची. दुपारपर्यंत मजलाभर गटाराचा वास आणि रात्री झुरळं. लातूरच्या आमच्या घराचा वरचा मजला भाड्यानं दिलेला होता. तो रिकामा झाल्यावर आम्ही वर राहायला गेलो आणि हे सुरू झालं.

प्लंबर आला, त्यानं स्प्रिंग घातली, ॲसिड ओतलं. मग म्हणाला, "ताई, पाइप आतून बसलाय. फरशी फोडावी लागंल बघा." फरशी फोडली की खालचं वॉटरप्रूफिंग गेलं, आणि खालच्या छताला ओल आलीच म्हणून समजा. त्याला थांबवलं.

मला खटकत होतं ते एकच. पाणी कुठंच तुंबत नव्हतं. बाथरूममधलं पाणी झरकन जायचं. अंगणातल्या चेंबरचं झाकण उघडून वरून बादली ओतायला सांगितली, तर तिथंही पाणी खळखळ पुढं गेलं. पाइप बसला असता तर ते चेंबरपर्यंत एवढ्या जोरात आलंच नसतं. सेप्टिक टँक भरली असती तर आधी खालच्या मजल्यावरचं पाणी अडलं असतं.

मग जाळी आणि तिच्याखालची वाटी काढून नहाणी ट्रॅपमध्ये टॉर्च मारला. तिथं दोनेक इंच पाणी कायम उभं असतं. गटाराचा वास अडवतं ते तेच. सासूबाईंना म्हटलं, "आई, आता ओता." ट्रॅपमधलं पाणी आधी थरथरलं, मग कुणी आतून ओढावं तसं खाली गेलं आणि वरची हवा गुडगुड करत त्याच्यातून आत शिरली. आवाज थांबला तेव्हा तळाशी जेमतेम बोटभर पाणी उरलं होतं. वास येणार नाही तर काय!

उभ्या पाइपातून पाण्याचा लोंढा खाली जातो तेव्हा मागं हवा ओढतो. ती हवा मिळावी म्हणून तोच पाइप गच्चीच्या वरपर्यंत नेलेला असतो. वरून मिळाली नाही तर तो जवळच्या ट्रॅपमधून ओढून घेतो. त्यात आमच्याकडं फ्लश कमी आणि बादली जास्त. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून कपड्यांचं पाणी संडासात टाकायची सवय अजून सुटलेली नाही. अख्खी बादली एका दमात ओतली की ओढ जास्तच बसते.

गच्चीवर गेले. पाइपाच्या तोंडाला जुन्या साडीचं दुहेरी कापड तारेनं आवळून बांधलेलं. डासांसाठी पाइपाला जाळी बांधा असं सांगितलं जातंच, आणि ते बरोबरही आहे. क्युलेक्स डास सेप्टिक टँकमध्ये वाढतात आणि याच वाटेनं बाहेर पडतात. पण हे सुती कापड. आतून वाफ, बाहेरून धूळ; थर बसून पापडासारखं कडक झालेलं. तार पक्कडीनं कापली, कापड काढलं आणि वरून नळीनं पाणी सोडून पाहिलं. सरळ खाली गेलं, म्हणजे आत घरटं किंवा पाला काही नव्हता. ट्रॅप पुन्हा भरून बादली ओतली. पाणी किंचित हललं, बस्स.

आता तिथं मच्छरदाणीची नायलॉनची जाळी सैल बांधली आहे. ती पावसाळ्याआधी काढून धुवावी लागेल. हे करताना पाइपाच्या तोंडावर वाकू नका आणि जवळ बिडी-काडी नको, आतला गॅस पेट घेतो. टँक भरलेली निघाली तर उपशाची गाडी बोलवायची. आत माणूस उतरवणं जिवावरचं आहे, आणि 2013 च्या कायद्यानं टँक साफ करायला माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय आत उतरवायला बंदीही आहे.

खालच्या स्वयंपाकघरातलं सिंक अजून गुडगुडतं. पण ते फक्त स्वतःचं पाणी जातानाच, वरच्या बादलीशी त्याचा संबंध नाही, आणि तिथं पाणीही रेंगाळतं. सिंकखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये तुपकट साचलं असणार. रविवारी खोलून बघते.