माळणार की ठेवणार? फोंड्यातल्या आमच्या फुलांच्या दुकानाची वाटचाल

सुरुवात फातींनी, म्हणजे केसांत माळायच्या गुंफलेल्या फुलांच्या माळांनी झाली. एक टोपली, ओला पंचा, भिजवलेले केळीचे सोपट (खोडाच्या सालीची दोरी) आणि अबोली, एवढेच भांडवल. बुके, फ्रिज, रिबिनी नंतर आल्या आणि त्या शिकेपर्यंत बराच माल उकिरड्यावर गेला. आज कुणी ‘आईसाठी काहीतरी छान द्या’ म्हणत आले की आम्ही रंग विचारत नाही, पैशांचेही नंतर. पहिला प्रश्न एकच: माळणार की ठेवणार?

माळणार असतील तर अबोली. वास नाही, वजन नाही आणि तोडल्यावरही रंग सोडत नाही, म्हणून गोव्याच्या अंबाड्यावर तिचेच राज्य. कणसावर ती खालून वर थोडी थोडी फुलते, त्यामुळे एका कणसातून एका वेळी मोजकीच फुले हाती लागतात. फातीचा भाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. गुंफताना दोन फुले या अंगाला, दोन त्या अंगाला, देठावर देठ आणि वर सोपटाचा वेढा. अबोलीचा ‘देठ’ म्हणजे खरे तर फुलाचीच बारीक नळी. वेढा घट्ट ओढला की नळी चिरते आणि फूल लगेच लोंबते. सैल सोडला तर माळताना गळते. सोपट कोरडे असेल तर ते सुरीसारखे कापते, म्हणून आधी पाण्यात भिजवून मऊ करायचे. दोऱ्याने काम लवकर होते, पण सोपट ओल धरून ठेवते.

जाईचे गणित तासांचे. ती रात्री उमलते आणि दुसऱ्या दुपारी मान टाकते. संध्याकाळच्या समारंभाला कळ्याच गुंफून द्याव्या लागतात. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा असते त्या दिवसांत आमच्याकडे जाई मागू नये, देवीचे आधी. मोगऱ्याची कळी पूर्ण वाढलेली, पांढरी हवी. हिरवट कळी वजनाला भरते, पण उमलत नाही.

फुलां माळपाच्या, म्हणजे गरोदर बाईला फुले माळण्याच्या सोहळ्याच्या ऑर्डरीत सुरुवातीला आम्ही मोगरा भरभरून घालायचो. चूक. गरोदर बाईला उग्र वास सोसवत नाही आणि बंद खोलीत तर मळमळायला होते. आता अबोली मुख्य आणि मोगरा विचारूनच. दंडावर आणि मनगटावर बांधायच्या फुलांना मागून सुती पट्टी शिवतो. गोंद घामाने सुटतो.

ठेवणार म्हटले की वेगळेच शास्त्र. बेळगावहून गुलाब वीस-वीसच्या जुड्यांत येतात, तहानलेले. पाण्याबाहेर राहिलेल्या देठात हवा शिरते, पाणी वर चढत नाही आणि फूल ताजे दिसत असतानाच मान मोडते. म्हणून देठ पाण्यात बुडवून दोन-अडीच सेंटिमीटर तिरका कापायचा, पाण्याखाली येणारी पाने काढायची आणि निदान तीन-चार तास बादलीत उभे ठेवायचे. काटे खरवडताना साल सोलली तर तिथूनच कुजायला लागते. जर्बेराचे देठ लवदार आणि मऊ. त्याला पाच-सहा सेंटिमीटरच पाणी, जास्त दिले की देठ सडतो.

८ मार्चला कचेऱ्यांतून शंभर-शंभर गुलाबांच्या ऑर्डरी येतात. शंभरासाठी आम्ही सहा जुड्या मागवतो. मोडके, वाकडे गेले की शंभर नीट उरतात. खरा घात फ्रिज करतो. थंडगार गुलाब गोव्याच्या दमट हवेत उघडला की पाकळीवर दव धरते, आणि प्लास्टिकमध्ये बंद केला तर दुसऱ्या दिवशी तपकिरी ठिपके, मग करडी बुरशी. फ्रिजमधून काढून कागदातच तासभर एसीच्या खोलीत ठेवायचे, मग पिशवी चढवायची आणि तीही वरून उघडी. देठाला ओला कापूस, त्यावर फॉइल. ऑर्किडला मात्र फ्रिज दाखवूही नये, पाकळ्या पाणथळ होतात. आमच्या हवेत ते बाहेरच सुखी असते.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मातृदिन. अमेरिकेत ॲना जार्व्हिस यांनी १९०८ मध्ये आपल्या आईच्या आवडीचे पांढरे कार्नेशन या दिवसाशी जोडले, म्हणून आजही ते मागितले जाते. पण इथे मे म्हणजे मानकुराद आंबा. पिकत्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटतात. फूल दोन दिवसांत मेले अशी तक्रार आली की आम्ही आधी विचारतो, टेबलावर आंबे होते का? बहुतेक वेळा असतात.

हळदीकुंकवाला वाणाबरोबर वीतभर फाती देण्याची पद्धत चांगली. यादीपेक्षा पाच जास्त न्या, कारण शेजारीण न सांगता येतेच. कोण सवाष्ण, कोण नाही, हे आम्ही कधीच विचारत नाही आणि यजमानांनीही विचारू नये असे आमचे मत. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला; फुलांच्या दुकानाला तर ठरावाचीही गरज नाही. ज्यांना माळायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी तीच अबोली सुटी, केळीच्या पानाच्या द्रोणात. वय झालेल्या सासूबाईंना किंवा मावशींना जड बुके नको, तो धरून उभे राहावे लागते.

प्रत्येक पार्सलवर आम्ही चिठ्ठी लावतो. फातीवर: ओल्या फडक्यात गुंडाळा, वर पाणी शिंपडू नका, उन्हात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. बुकेवर: रोज पाणी बदला, देठ थोडा कापा, पंख्याखाली ठेवू नका. चिठ्ठी मराठीतच आहे आणि अक्षर मोठे आहे, कारण ती वाचणारी बहुतेक वेळा फुले मिळालेलीच बाई असते.