मीटर म्हणतं ठीक, मासा उलटा

कावेरीवरच्या आमच्या कामाचं स्वरूप सांगितलं की लोक हसतात. दुसऱ्याने गळाला लावलेला महसीर आम्ही तपासतो आणि परत पाण्यात सोडतो. पकडून सोडलेला मासा खरोखर धडधाकट राहतो का, एवढाच प्रश्न.

तपासणीची पद्धत मात्र सुरेख आहे. शेपटी चिमटली की मासा निसटू बघतो का? मधोमध उचलला तर अंग वळवतो का? कल्ल्यांची झाकणं नियमित हलतात का? आडवा फिरवला तरी डोळा पातळी धरून राहतो का? आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची: पाण्यात उताणा केला तर तीन सेकंदांत सुलटा होतो का? मग शेपटीच्या शिरेतून थेंबभर रक्त. साखर मोजायला मधुमेहींचंच मीटर, लॅक्टेटला, म्हणजे दमलेल्या स्नायूंत साठणाऱ्या रसायनाला, खेळाडूंचं. सगळं पाण्यातच. मासा बाहेर काढायचा नाही, हे अँगलर मंडळींना, म्हणजे हौसेने गळ टाकणाऱ्यांना, दहादा सांगावं लागतं.

त्या सकाळी एका पाहुण्याला नाचणीच्या गोळ्यावर मोठा मासा लागला. तंगूस बारीक, त्यामुळे झुंज लांबली. वर फोटो. एक चांगला नाही आला म्हणून दुसरा. हे लोक महसीरवर जीव टाकतात, पण कॅमेरा दिसला की माशालाही श्वास घ्यावा लागतो हे विसरतात.

माझ्या हातात आला तेव्हा तो उताणा केला तर उताणाच राहिला. शेपटीलाही प्रतिसाद नाही. लॅक्टेटचा आकडा मात्र अगदी बेताचा. सोबतचा विद्यार्थी म्हणाला, "सर, रीडिंग चांगलं आहे, सोडू या का?" स्नायूंतलं लॅक्टेट रक्तात उतरायला वेळ लागतो, झुंज संपल्यावरही ते चढतच राहतं. ताबडतोब घेतलेला थेंब दमलेल्या माशालाही ताजातवाना दाखवतो. हे पुस्तकात असतं, पण मीटरवर आकडा उमटला की पुस्तक आठवत नाही.

वाटाड्या अण्णांनी मीटरकडे बघितलंही नाही. "बिडबेडी," म्हणजे कन्नडमध्ये सोडू नका, असं म्हणाले आणि मासा स्वतःकडे घेतला. पाहुणा मदतीला सरसावून त्याला ताक घुसळल्यासारखा पुढेमागे करू लागला. मी हात धरला. पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर पडतं. मागे ओढून काय मिळणार? अण्णांनी तोंड प्रवाहाकडे करून नुसता धरून ठेवला. बऱ्याच वेळाने त्याने शेपटी झटकली आणि गेला.

तो निळ्या परांचा महसीर होता, म्हणजे लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून ज्यांची पैदास करून नद्यांत सोडणी झाली त्या बोटुकल्यांच्या, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या, वंशातला असण्याची शक्यता मोठी. कावेरीचा स्वतःचा मासा वेगळा, कुबड असलेला. त्याचं शास्त्रीय नाव 2018 मध्ये नक्की झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. तो संपत चाललाय आणि निळा वाढलाय, हे कळलं कशावरून? गळ टाकण्याच्या एका कॅम्पमधल्या अँगलरांच्या नोंदवह्यांवरून: 1998 ते 2012, गळ टाकण्याचे 23,620 तास. 2012 मध्ये कायद्याच्या भाषेत गळ म्हणजे शिकार ठरून अभयारण्यातले कॅम्प थांबले, तशा त्या नोंदीही थांबल्या. म्हणून फोटोवाल्यांवर चिडतो, पण ते नदीवर नकोत असं मला म्हणवत नाही.

प्रश्न आमच्या तक्त्याचा उरलाय. त्यात 'पोहून गेला: हो/नाही' एवढाच रकाना. मी 'हो' लिहून पुढे 'धरून ठेवल्यावर' असं जोडलं. वरिष्ठ म्हणतात, अण्णांचा हात आमच्या पद्धतीत बसत नाही, तेव्हा हा मासा विश्लेषणातून वगळा. माझं म्हणणं, वगळलात तर सगळ्यात दमलेले मासेच गाळले जातील आणि निकाल आपोआप गोड येईल. पुढच्या बैठकीत पुन्हा तोच विषय आहे.