पाय उचलला की काय होतं

तर झालं असं, की एका मित्राची इलेक्ट्रिक स्पोर्ट सेडान चार दिवस माझ्या ताब्यात होती. दोन मोटर, एक पुढे एक मागे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तिची थोडी उणीदुणी काढणार आहे. तो बाहेरगावी गेला, जाताना किल्ली म्हणजे ते कार्ड माझ्या हातात ठेवून म्हणाला, "चालवत रहा रे, नुसती उभी नको ठेवूस." मला अजून काय हवं होतं! माझी स्वतःची गाडी बारा वर्षं जुनी पेट्रोल सेडान आहे, मॅन्युअल गिअरची, तिच्या प्रत्येक खडखडाटाशी माझी ओळख आहे, त्यामुळे खालचं सगळं डोक्यात तीच गाडी ठेवून लिहिलंय.

पिकअपचं आधी उरकून घेतो कारण त्याबद्दल सगळे बोलतातच. पोर्शची टायकन टर्बो एस आली तेव्हा ० ते १०० साठी २.८ सेकंद हा आकडा कंपनीने दिला होता. हिशोब करून बघा, सरासरी साधारण एक जी येतो, म्हणजे गच्चीवरून सोडलेली वस्तू ज्या दराने वेग घेत खाली येते जवळपास त्याच दराने ही गाडी आडवी सुटते. मित्राची गाडी एवढी भन्नाट नाही पण पहिल्या दिवशी मी सिग्नल सुटला की रेस द्यायची असं आठ-दहा वेळा केलं, शेजारी बसलेल्या प्रत्येकाला दाखवलं, प्रत्येकाने तोच एक आवाज काढला. तिसऱ्या दिवशी मी ते करायचंच विसरलो. सरळ रस्त्यावर जोरात जाण्यात सवय व्हायला वेळच लागत नाही.

वळणांचं तसं नाही. चार दिवसांनीही मला त्या गाडीचं वळणातलं वागणं पूर्ण कळलं नव्हतं आणि मजा तिथेच आहे.

मुद्दा वजनाचा. बीएमडब्ल्यूची आय४ एम५० घ्या, टायकन घ्या, दोन्ही साधारण २.२ टनांच्या आसपास. माझ्या गाडीपेक्षा पाऊण-एक टन जास्त. १०० च्या वेगाने जाणाऱ्या २.२ टनांच्या गाडीत जी ऊर्जा असते ती विजेत मोजली तर पाव युनिटला थोडी कमी भरते. ऐकायला फार वाटत नाही, पण ही सगळी ऊर्जा वळणाच्या आधी चार-पाच सेकंदांत कुठेतरी जिरवायची असते, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एवढं वजन असून गाडी लोळत का नाही? कारण बॅटरी पायाखाली सपाट पसरलेली आहे. हंडा डोक्यावर घेऊन झटकन वळून बघा आणि मग तोच हंडा कमरेवर घेऊन वळा, फरक लगेच कळेल. शिवाय ते वजन दोन चाकांच्या जोड्यांच्या मधे आहे, पुढे नाकात जड इंजिन लटकत नाही, त्यामुळे स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, "थांब येते" असं म्हणत नाही. पहिल्यांदा हे जाणवलं तेव्हा मी हसलोच. एवढं मोठं धूड आणि पैलवान जसा आखाड्यात हलक्या पावलांनी फिरतो तसं फिरत होतं.

पण वजन लपलंय, गेलेलं नाही. टायरला सगळं कळत असतं. टायरवरचा भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, त्यापेक्षा कमीच वाढते, हे टायरचं जुनं दुखणं आहे आणि त्याला मोटर, सॉफ्टवेअर वगैरेंचं उत्तर नाही. म्हणून या गाड्यांना रुंद टायर, जास्त भार सोसणाऱ्या कडक साइडवॉलचे टायर, आणि मग हळू वेगात छोटे खड्डे सरळ कमरेत. माझ्या जुन्या गाडीत वळणात जास्त वेग झाला तर बॉडी एका बाजूला झुकते, सीटमधून आपण घसरतो, टायर ओरडायला लागतात, म्हणजे गाडी तीन वेळा सांगते की बाबा बास. या गाडीत सगळं सपाट, शांत, आणि मग एकदम पुढचे टायर बाहेर सरकायला लागतात, हलकासा अंडरस्टिअर, आणि स्पीडोमीटरकडे बघितलं तर आपण वाटलं होतं त्यापेक्षा बरेच जोरात होतो. इंजिनचा आवाज नसल्यामुळे वेगाचा अंदाजच चुकतो. मी इतकी वर्षं कानाने गाडी चालवत होतो हे मला या गाडीने सांगितलं.

(एक विषयांतर. बॅटरी खाली असल्यामुळे बसायची जागा वर जाते आणि सेडानमधे उंच बसलं की खाली कितीही कमी सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी असू दे, आपल्याला स्टुलावर बसल्यासारखंच वाटतं. टायकनमधे मागच्या प्रवाशांच्या पायांसाठी बॅटरीतच खाच ठेवली आहे, मॉड्यूल तेवढ्या जागेतून काढून टाकलेत. आय४ मात्र पेट्रोलच्या ४ सिरीज ग्रान कूपेची भावंड, एकाच प्लॅटफॉर्मवरची, म्हणजे सांगाडा फक्त बॅटरीसाठी घडवलेला नाही. असले निर्णय ब्रोशरमधे कुणी वाचत नाही पण ढुंगणाला बरोबर कळतात.)

आता मूळ गोष्टीवर येतो. माझं मत असं झालंय की या गाड्यांचं हँडलिंग वळणात कळतच नाही, ते वळणाच्या आधीच्या एका सेकंदात कळतं. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, ब्रेकवर ठेवला, स्टिअरिंग फिरवायला सुरुवात केली, तो सेकंद. त्या सेकंदात वजन पुढच्या चाकांवर येतं, पुढचे टायर दाबले जातात, त्यांना पकड मिळते आणि गाडी वळायला तयार होते. पेट्रोल गाडीत हे इंजिन ब्रेकिंग (पाय उचलल्यावर इंजिनच गाडीला मागे धरतं ते) आणि ब्रेक मिळून होतं आणि वर्षानुवर्षं पायाला त्याची सवय असते. इलेक्ट्रिकमधे हा सेकंद कुणीतरी इंजिनिअरने कॉम्प्युटरवर बसून ठरवलेला असतो, आणि प्रत्येक कंपनीने वेगळा ठरवलाय.

टेस्लाने मॉडेल ३ मधे रिजेन, म्हणजे गाडी हळू करताना तिच्या वेगातून परत वीज बनवणं, ॲक्सिलरेटरच्या पेडलला दिलं, पाय उचलला की मोटर जनरेटर होते आणि गाडी दणकून हळू होते, ब्रेकचं पेडल मात्र साधं, पॅड आणि डिस्कवालं. पोर्शने उलटं केलं. टायकनमधे पाय उचलला की गाडी नुसती वाहत राहते आणि रिजेन ब्रेक पेडलच्या आत लपवलेलं असतं, पेडल दाबलं की आधी मोटर गाडीला थांबवतात, त्यांचं पुरेना झालं की डिस्क मदतीला येतात. रोजच्या वापरातलं ९० टक्के ब्रेकिंग मोटरच करतात असं पोर्शचं म्हणणं आहे, आणि २०२४ च्या नव्या आवृत्तीत तर जोरात ब्रेक लावताना ४०० किलोवॅटपर्यंत वीज बॅटरीत परत जाऊ शकते.

दोन्हीत बरोबर काय यावर लोक तावातावाने भांडतात. मी आधी एका पेडलच्या बाजूचा होतो, गर्दीत तर ते स्वर्गसुख आहे, उजवा पाय नुसता वरखाली करायचा. पण वळणांच्या रस्त्यावर मत बदललं. एका पेडलने चालवताना वजन पुढे आणायचं काम पाय *उचलून* करायचं असतं, आणि राव, पाय दाबून जेवढं मोजूनमापून करता येतं तेवढं उचलून येत नाही. दाबताना मांडीचा जोर असतो, पेडल उलट ढकलत असतं, त्यातून अंदाज येतो. उचलताना हाताला, म्हणजे पायाला, काहीच लागत नाही. आणि नुसत्या मागच्या मोटरची गाडी असेल तर वळणाच्या मधे घाबरून पाय उचलला की सगळं रिजेन मागच्या चाकांवर, म्हणजे कुणीतरी हळूच हँडब्रेक ओढल्यासारखं. स्टॅबिलिटी सिस्टीम सांभाळून घेते, पण घेते म्हणजे काय, पोटात गोळा येऊन जातो तो येतोच.

गोळ्यावरून आठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी १०० टक्के चार्ज करून निघालो. मोठ्या हौशीने, फुल्ल. पहिलाच मोठा उतार, खाली डावं वळण, दोन दिवसांत लागलेल्या सवयीने पाय उचलला आणि... काही नाही. गाडी हळूच होईना. बॅटरी काठोकाठ भरलेली असल्यावर परत येणारी वीज ठेवणार कुठे, म्हणून गाडीने रिजेन जवळजवळ बंद करून ठेवलं होतं, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याचं एक बारकं चिन्हही होतं जे मी अर्थातच बघितलं नव्हतं. ब्रेक मारला, गाडी थांबली, व्यवस्थित थांबली, पण त्या अर्ध्या सेकंदात माझा पाय हवेत होता आणि पाव युनिट ऊर्जा कुठेच जात नव्हती. थंडीत बॅटरी गारठलेली असली तरी असंच होतं. काही कंपन्या अशा वेळी डिस्क ब्रेक आपोआप थोडे लावून तोच फील टिकवतात, हे फार शहाणपणाचं आहे. मित्राच्या गाडीत ते नव्हतं किंवा असलं तरी बंद होतं. त्याला फोन करून विचारलं तर म्हणे, "अरे ८० टक्क्यांच्या वर मी कधी करतच नाही." हे आधी सांगायला काय झालं होतं?

दुसरी तक्रार ब्रेक पेडलचीच. रिजेनकडून डिस्ककडे काम जातं तिथे त्या गाडीत एक बारीकशी पायरी होती, अगदी शेवटी, गाडी थांबायला दहा-पंधराचा वेग उरला की पेडल जरासं मऊ पडायचं आणि मग पकडायचं. शेजारी बसलेल्याला कळणारही नाही. पण वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जायचं असतं ना, तिथे पेडलवर पूर्ण विश्वास लागतो, आणि एकदा पायरी लागली की मेंदू पुढच्या प्रत्येक वळणाला ती पायरी शोधत बसतो.

बाहेर पडतानाची गोष्ट मात्र एकदम सुंदर. ओल्या रस्त्यावर वळणातून निघताना जरा लवकरच रेस दिली, जुन्या गाड्यांमधे चाक फिरतं, मग ट्रॅक्शन कंट्रोल जागं होतं, इंजिनचा गळा दाबतं, गाडी खोकते. इथे काहीच नाही. मोटरचा टॉर्क काही मिलिसेकंदात कमीजास्त होतो, चाक घसरायच्या आतच सावरलेलं असतं. बीएमडब्ल्यूने तर हे घसरण रोखायचं काम थेट मोटरच्या कंट्रोलमधेच बसवलंय, दूरच्या ईसीयूला, म्हणजे गाडीच्या वेगळ्या कॉम्प्युटरला, विचारत बसायची भानगडच नको. याबाबतीत पेट्रोल गाडी कधीच बरोबरी करू शकणार नाही, मी जुन्याचा कितीही भक्त असलो तरी.

स्टिअरिंगबद्दल फार लिहीत नाही. हलकं होतं, अचूक होतं, मुकं होतं. याचा दोष बॅटरीला देता येत नाही, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग पेट्रोल गाड्यांमधेही कधीचंच आलंय आणि तिथेही तेच रडगाणं आहे. स्पोर्ट मोड लावला की स्टिअरिंग जड होतं, बोलकं होत नाही. या दोन गोष्टींत फरक आहे हे मोड बनवणाऱ्यांना कुणीतरी सांगा.

या सगळ्यात मला पोर्शचं ते ॲक्टिव्ह राइड सस्पेन्शन फार गमतीचं वाटतं. ब्रेक लावला की नाक खाली जाऊ द्यायचं नाही, वळणात गाडी बाहेर झुकू द्यायची नाही, उलट हवं तर मोटरसायकलसारखी आत झुकवायची. कमाल इंजिनिअरिंग, वादच नाही. पण मी वर ज्या सेकंदाबद्दल बोलतोय, नाक खाली जाणं हीच तर त्या सेकंदाची खूण आहे, तीच पुसून टाकली तर मला कळणार कशावरून? आणि दुसऱ्या टोकाला ह्युंदाई, त्यांनी आयोनिक ५ एन मधे, आणि मग सेडान हवी असणाऱ्यांसाठी आयोनिक ६ एन मधे, चक्क खोटे गिअर दिलेत. स्टिअरिंगमागचं गिअरचं पॅडल ओढलं की टॉर्क क्षणभर तोडून झटका देतात, स्पीकरमधून आवाज, गिअर खाली घेतला की इंजिन ब्रेकिंगसारखं रिजेन वाढतं. वाचलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता वाटतं की खुळेपणा असेल, पण त्यांना नेमकं कळलंय की माणसाला खुणा लागतात. आता किती वेगात आहोत, पाय उचलला तर किती हळू होणार, हे स्क्रीनकडे न बघता कळायला हवं असतं.

नाहीतर आकडे आहेतच. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या रेस ट्रॅकच्या २०.८ किलोमीटरच्या फेरीला टायकन टर्बो एसने २०२२ मधे ७ मिनिटं ३३ सेकंद घेतले, नंतर टर्बो जीटीने तेच ७ मिनिटं ७ सेकंदांवर आणलं. फक्त त्या जीटीला वायझाख पॅकेज होतं, ज्यात वजन वाचवायला मागच्या सीट काढून टाकतात. चार दरवाजे आणि दोनच माणसं. चालतंय.

चौथ्या दिवशी गाडी परत केली, ६८ टक्क्यांवर, मुद्दाम. माझी जुनी गाडी काढली, क्लच दाबला, खडखडाट ऐकून बरं वाटलं, आणि पहिल्याच सिग्नलला लांबून नुसता पाय उचलून निवांत बसलो. गाडी आरामात पुढे चालली, झेब्रा क्रॉसिंग आलं, झेब्रा क्रॉसिंगवर आम्ही उभे राहिलो, मधोमध, आणि वर गिअर काढायचा विसरल्यामुळे गाडी बंदही पडली.