बॅटरीची खरी क्षमता मोजताना

इंदूरच्या जेल रोडवरून मामांनी घेतलेला जुना फोन दुपारपर्यंतही टिकेना, तेव्हा ‘बॅटरी अगदी नव्यासारखी आहे’ हे दुकानदाराचे आश्वासन मोजूनच पाहावे, असे मी ठरवले.

पडद्यावरची टक्केवारी ही बॅटरीच्या आजच्या क्षमतेची असते, मूळ क्षमतेची नव्हे. त्यामुळे झिजलेली बॅटरीही शंभर टक्के भरल्याचे दाखवते, आणि तसे पाहिले तर त्यात ती खोटे बोलत नसते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीची उरलेली कमाल क्षमता थेट वाचता येते. मामांच्या अँड्रॉइड फोनमध्ये ती सोय नव्हती, म्हणून अॅक्यूबॅटरी हे अॅप घेतले. चार्जिंगच्या वेळी बॅटरीत जाणारा विद्युतप्रवाह मोजून, टक्केवारीतील वाढीशी त्याची सांगड घालून, ते एकूण क्षमतेचा अंदाज काढते. २० ते ८० टक्क्यांपर्यंत २,३४० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप) भरले, म्हणजे पूर्ण क्षमता ३,९०० एमएएच. मूळ ५,००० च्या तुलनेत ७८ टक्के. चार-पाच टक्क्यांच्या चार्जिंगवरून काढलेला आकडा फसवा ठरतो, म्हणून आठवडाभर नोंदी केल्या. मामांनी त्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत नेटकेपणे उतरवल्या. आकडे फारसे हलले नाहीत.

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही, हे मी सांगितल्यावर मे महिन्यात फोन स्कूटरच्या डिकीत ठेवत असल्याची कबुली मामांनी दिली. दुकानदारावरचा माझा राग त्यानंतर निम्मा झाला.