टीवरून फेकायला वेगळा पटर हवा

डिस्क गोल्फमध्ये (टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, डिस्क फेकत साखळ्यांच्या बास्केटपर्यंत न्यायचा खेळ) साठ-सत्तर मीटरचं सरळ होल समोर असलं की बऱ्याच जणांचा हात बॅगेतल्या ड्रायव्हरकडे, म्हणजे लांब फेकीच्या डिस्ककडे जातो. अंतर कमी, म्हणून जोर अर्धा केला जातो आणि डिस्क निम्म्या वाटेवरच डावीकडे वळून झाडीत शिरते. (इथे सगळीकडे उजव्या हाताचा बॅकहँड धरला आहे. डावखुऱ्यांनी आणि फोरहँडवाल्यांनी दिशा उलट वाचावी.) ड्रायव्हरची रिम (कडेचा जाड पट्टा) रुंद आणि कड धारदार असते. सरळ उडायला त्याला भरपूर वेग लागतो, आणि तो मिळाला नाही की फेड (शेवटी डावीकडे वळणं) लवकर सुरू होतो. पटर ही जवळच्या फेकीची डिस्क. त्याची रिम जेमतेम एक सेंटिमीटर रुंद, कड बोथट. कमी वेगातही तो सरळ जातो आणि पडला की फार घसरत नाही. छोट्या होलवर टीवरून पटर फेकणं हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा खेळ आहे.

मात्र बास्केटमध्ये टाकायचा पटर आणि टीवरून फेकायचा पटर एकच ठेवू नका. साचा (मॉडेल) तोच असला तरी चालेल, डिस्क वेगळी हवी. पटिंगला (जवळून बास्केटमध्ये टाकायला) बेस, म्हणजे साधं प्लास्टिक बरं पडतं: बोटांना पकड देतं, साखळ्यांना चिकटून राहतं. तीच डिस्क टीवरून पूर्ण जोराने झाडांवर आदळली की कडेला चरे आणि खाचा पडतात आणि काही महिन्यांत ती उजवीकडे वळायला लागते. शिवाय खरबरीत झालेली कड पटिंगच्या वेळी बोटांतून दर वेळी वेगळी सुटते. म्हणजे एका डिस्कवर दोन्ही कामं लादली की दोन्ही बिघडतात. टीसाठी प्रीमियम प्लास्टिक घ्या: इनोव्हाचं स्टार किंवा चॅम्पियन, डिस्कक्राफ्टचं झेड किंवा ईएसपी, ॲक्झिऑमचं न्यूट्रॉन. यांचा मूळ स्वभाव जास्त काळ टिकतो. एक लक्षात असू द्या, एकच साचा प्रीमियममध्ये अनेकदा बेसपेक्षा थोडा जास्त स्टेबल (उजवीकडे कमी, डावीकडे जास्त वळणारा) उडतो. बेसमध्ये आवडला म्हणून डोळे मिटून प्रीमियम मागवू नये.

निवड हातापासून सुरू करा. आकडे नंतर. पटिंगची सैल, पसरलेल्या बोटांची पकड टीवर चालत नाही. तिथे चारही बोटं रिमच्या आत वळवलेली पॉवर ग्रिप लागते. पटरची रिम खोल पण अरुंद असल्यामुळे बोटांना वळायला जागा कमी मिळते, आणि ड्रायव्हरवर छान बसणारी मूठ इथे अवघडते. डिस्क हातात घेऊन पूर्ण ताकदीने पकडा आणि दुसऱ्या हाताने कड हलवून पाहा. हलली, तर फेकताना ती लवकर सुटून डावीकडे जाणार. रिमच्या खालच्या कडेला गोलसर उंचवटा असतो, त्याला बीड म्हणतात. काहींना त्यामुळे डिस्क कुठे धरली आहे ते बोटांना नेमकं कळतं, काहींना तो तर्जनीत रुततो. यात बरोबर-चूक नाही, पण रुतणारा बीड सवयीने आवडेल या आशेवर घेऊ नका. अंगठ्याकडेही लक्ष द्या. डोम (डिस्कचा वरचा भाग) फुगीर असेल तर अंगठा वर राहतो आणि डिस्कचं नाक वर उचललं जाण्याची शक्यता वाढते. फार मऊ डिस्क जोराच्या फेकीत हातातच वाकते आणि थरथरत सुटते, म्हणून टीसाठी मधली किंवा घट्ट डिस्क बरी.

आता आकडे. डिस्कवरचे चार आकडे क्रमाने स्पीड (किती वेग लागतो), ग्लाइड (किती तरंगते), टर्न (वेगात असताना उजवीकडे वळणं; उणे आकडा म्हणजे जास्त) आणि फेड (शेवटी डावीकडे वळणं). इनोव्हाचा साधा एव्हिएर २, ३, ०, १ आहे आणि डिस्कमेनियाचा पी-टूही तसाच. डायनॅमिक डिस्क्सचा जज २, ४, ०, १, म्हणजे थोडा जास्त तरंगणारा. ॲक्झिऑमचा प्रॉक्सी ३, ३, उणे १, ०.५. हा हळू हातालाही लांब, सरळ रेघ देतो, पण जोर जास्त झाला की उजवीकडे झुकतो. दुसऱ्या टोकाला डिस्कक्राफ्टचा झोन आणि वेस्टसाइडचा हार्प, दोन्ही ४, ३, ०, ३. यांना फोरहँड आणि वारा दोन्ही सोसतो, पण सरळ लांब जाण्याची अपेक्षा ठेवू नये. कास्टाप्लास्टचा बर्ग १, १, ०, २ आहे. ग्लाइड इतका कमी की अंदाज घेतला तिथेच पडतो, आणि म्हणूनच टीवरून अंतर काढायला तो कामाचा नाही.

पहिला टी-पटर म्हणून टर्न शून्य आणि फेड १ ते २ असलेला घ्या. ओव्हरस्टेबल, म्हणजे हमखास डावीकडे वळणारी डिस्क चुका झाकते. डावीकडे जाणार हे ठाऊक असतं, म्हणून खेळाडू उजवीकडे नेम धरतो आणि थरथर, चुकलेला कोन, उचललेलं नाक सगळं लपून राहतं. सरळ पटर चूक लगेच दाखवतो, आणि टीवर पटर फेकण्याचा अर्धा फायदा तिथेच आहे.

वजनाबाबत नियम स्पष्ट आहे: पीडीजीए या डिस्क गोल्फ संघटनेच्या मानकांनुसार व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम. पटर साधारण २१ ते २१.२ सेंटिमीटर व्यासाचे असतात, म्हणून कमाल वजन १७४ ते १७६ ग्रॅमच्या आसपास येतं. टीसाठी १७० च्या वरचं घ्या. हात अगदी हळू असेल तर १६० च्या आसपासची डिस्क सोपी जाते, पण वाऱ्यात ती भरकटते.

वारा हीच खरी परीक्षा. डिस्कला जमिनीवरचा वेग कळत नाही, तिच्यावरून वाहणाऱ्या हवेचा वेग कळतो. समजा ताशी ७० किलोमीटर वेगाने फेकलं आणि समोरून १५ चा वारा आला, तर डिस्कच्या दृष्टीने तो वेग ८५ झाला. सरळ पटर मग उजवीकडे वळतो. पाठीमागून वारा असेल तर उलट: तोच पटर लवकर फेड होतो आणि खाली बसतो. म्हणून समोरच्या वाऱ्यासाठी झोनच्या जातीची एक डिस्क सोबत ठेवणं योग्य, पण ती दुसरी.

विकत घेण्याआधी शक्य असेल तर मित्रमंडळींच्या डिस्क मागून तपासा. शांत हवेत ६० मीटरवर खूण ठेवा. प्रत्येक डिस्क पाच वेळा सपाट, पाच वेळा साधारण १५ अंश हायझरवर (बाहेरची कड खाली झुकवून), पाच वेळा किंचित ॲनहायझरवर (बाहेरची कड वर करून). सर्वांत लांब गेलेली फेक मोजू नका, पाचही फेकी एकमेकींच्या किती जवळ पडल्या ते पाहा. हायझरवरून फेकलेली हळूच सरळ होऊन पुढे जावी. ॲनहायझरवरून फेकलेली शेवटी परत सरळ यावी. उजवीकडे झुकून तशीच पडत राहिली, तर तुमच्या जोराला ती कमी पडते.

तरीही वाईट उडत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी तीन गोष्टी बघा. वर चढून, थबकून, डावीकडे कोसळली तर नाक वर होतं: मनगट किंचित खाली ठेवा, पुढची कड मागच्या कडेपेक्षा खाली. सुटताच लटलटली तर हात गोल फिरला किंवा पकड ढिली होती. हात छातीसमोरून सरळ रेषेत ओढा, ७० टक्के जोराने सुरू करा. लगेच उजवीकडे वळून जमिनीला लागली तर बहुधा कोन ॲनहायझरचा होता, किंवा समोरून वारा.

आवडलेला साचा सापडला की त्याच प्लास्टिकच्या, त्याच वजनाच्या दोन घ्या आणि एकच वापरा. पहिली झिजून सरळाची उजवी झाली की नवी तिच्या जागी येते, आणि जुनी उजवीकडे वळणाऱ्या होलसाठी राहते. कडेवर उठलेले बारीक काटे सॅंडपेपरने हलकेच साफ करायला नियम परवानगी देतो. उडणं बदलावं म्हणून घासायला नाही. दोन्हींवर वेगवेगळी खूण करायला विसरू नका, दोन सारख्या रंगाच्या डिस्कमधली जुनी कुठली ते फेअरवेवर लांबून ओळखता येत नाही.