सुट्या भागांच्या शोधात ब्लेचलीला

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उकलण्याचे इंग्लंडमधले केंद्र असलेल्या ब्लेचली पार्कला येणारे बहुतेक पर्यटक जर्मनांच्या एनिग्मा या सांकेतिक लेखनाच्या यंत्रासाठी आणि ते संकेत फोडणारे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या नावासाठी येतात, तळ्याकाठच्या वाड्यासमोर छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने लंडनला परततात. मी तो वाडा बाहेरूनच पाहिला. माझे काम आवाराच्या दुसऱ्या बाजूला, एच ब्लॉक नावाच्या बसक्या आणि दिसायला अगदी रुक्ष अशा इमारतीत होते. 1944 मध्ये कलॉसस या संदेश उकलणाऱ्या संगणकांसाठीच बांधलेल्या ह्या इमारतीत आता नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग आहे. पार्क आणि हे संग्रहालय या दोन स्वतंत्र संस्था असल्यामुळे तिकिटेही वेगळी घ्यावी लागतात. ज्याला जुने संगणक जमवण्याचा आणि उघडून दुरुस्त करण्याचा नाद आहे, त्याने दुसरे तिकीट आधी काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लंडनच्या युस्टन स्थानकावरून ब्लेचली एरवी तासाभराच्या आत येते. मी गेलो त्या रविवारी रेल्वेमार्गाच्या दुरुस्तीमुळे अर्धा प्रवास बसने करावा लागला. दुरुस्ती पाहायला निघालेल्या माणसाने दुरुस्तीविषयी कुरकुर करू नये, हे मला मान्य आहे. तरीही मी ती भरपूर केली. आदल्या दिवशी लंडनमधल्या एका मोठ्या संग्रहालयात जुने संगणक काचेआड मांडलेले पाहिले होते. ते सगळे स्वच्छ, नीट प्रकाशात ठेवलेले आणि बंद होते. त्या दिवसाबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

ब्लेचलीच्या संग्रहालयात हार्वेल डेकाट्रॉन संगणकाच्या दालनात शिरताना यंत्र दिसण्याआधी त्याचा आवाज कानावर येतो. रिलेंची, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचांची खडखड, मग क्षणभर शांतता, मग पुन्हा खडखड. सुमारे अडीच टन वजनाचे हे यंत्र हार्वेल येथील अणुऊर्जा संशोधन केंद्रात 1951 मध्ये कामाला लागले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरले जाणारे भाग मोठ्या प्रमाणावर वापरून ते बांधले होते. वेग म्हणाल तर एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद! हार्वेलमधल्या एका गणनिकाने, म्हणजे हाताने आकडेमोड करणाऱ्या कर्मचाऱ्याने, टेबलावरचे यांत्रिक गणकयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यत लावली होती आणि अर्धा तास त्याने बरोबरी साधलीही. मग तो थकून उठला आणि यंत्र चालतच राहिले. वेग हा या यंत्राचा गुण नव्हताच. न थकता, न चुकता, कोणी जवळ नसतानाही काम करत राहणे, एवढ्यासाठीच ते बांधले गेले होते. 1957 मध्ये ते वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयाला मिळाले. तिथे त्याला ‘विच’ हे नाव पडले आणि 1973 पर्यंत विद्यार्थी त्यावर शिकले. नंतर ते बर्मिंगहॅमच्या विज्ञान संग्रहालयात गेले, आणि 1997 मध्ये ते संग्रहालय बंद झाल्यावर सुटे करून कोठारात पडून राहिले. गोदामातल्या सामानाच्या एका छायाचित्रात त्याची नियंत्रणपट्टी ओळखीच्या नजरेला दिसली नसती, तर ते तिथेच राहिले असते. 2009 मध्ये त्याची दुरुस्ती सुरू झाली आणि नोव्हेंबर 2012 मध्ये ते पुन्हा चालू झाले. मूळ भागांसह चालणारा जगातला सर्वांत जुना अंकीय संगणक म्हणून आज ते ओळखले जाते.

हे सगळे मी आधी वाचले होते. जे वाचले नव्हते, ते मला त्या दालनात पाहायला मिळाले. डेकाट्रॉन म्हणजे अंगठ्याएवढी जाड, वायू भरलेली काचनळी. तिच्या माथ्याकडून पाहिले की खांबांचे एक वर्तुळ दिसते आणि त्यांपैकी एका खांबाभोवती नारिंगी ठिपका चमकत असतो. विजेचा एक ठोका आला की ठिपका एक घर पुढे सरकतो. नवावरून शून्यावर येताना तो शेजारच्या नळीला हातचा देतो. या यंत्रात अशा 828 नळ्या आहेत. त्यामुळे त्याची स्मृती शब्दशः डोळ्यांनी वाचता येते: रांगेतले ठिपके कोणत्या घरात आहेत ते पाहावे आणि आकडा कागदावर उतरवून घ्यावा. आजच्या कोणत्याही चिपच्या पोटात काय साठले आहे, हे असे उभ्या उभ्या पाहता येत नाही.

मी पाहत असतानाच एक गणित चुकले. यंत्राजवळ बसलेले स्वयंसेवक पूर्वी टेलिफोन खात्यात अभियंता होते. त्यांनी छापून आलेल्या आकड्याकडे पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि यंत्र थांबवून ते एकेक पायरी पुढे नेऊ लागले. प्रत्येक पायरीला ते ठिपक्यांच्या रांगेवरून नजर फिरवत होते. तिसऱ्या की चौथ्या फेरीला त्यांचे बोट एका नळीपाशी थांबले. तिच्यातला ठिपका सहाच्या घरात अडकून बसला होता. ठोका आला की थरथरायचा, पण हलायचा नाही. त्यांनी वीज बंद केली, थोडा वेळ थांबले, नळी हलकेच डोलवत बैठकीतून उपसली आणि दुसरी बसवली. काढलेली नळी ते टाकून देतील असे मला वाटले होते. ती त्यांनी बाजूच्या टेबलावरच्या एका लहानशा विद्युत मंडलात खोचली आणि तिच्यातला ठिपका गरगर फिरू लागला.

मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी अत्यंत शांतपणे समजावून सांगितले. ठिपका फार काळ एकाच घरात राहिला की त्या खांबाच्या धातूचे सूक्ष्म कण उडून शेजारच्या खांबांवर बसतात आणि ती घरे ठिपक्याला थारा देईनाशी होतात. उपाय एकच, तो म्हणजे नळी फिरती ठेवणे. काही दिवस सतत फिरवली की पुष्कळ नळ्या पूर्ववत होतात. “ह्या यंत्राला कामाने कधी काही झाले नाही,” ते म्हणाले, “जे काही झाले ते विश्रांतीने झाले.” इतक्यात एका सहलीच्या गटातून कोणीतरी मोठ्याने विचारले, की हे यंत्र माझ्या मोबाईलपेक्षा किती पटींनी हळू आहे, आणि गटात हशा पिकला. त्या सद्गृहस्थांनी तितक्याच सौजन्याने उत्तर दिले. माझ्याकडून ते झाले नसते. साठ वर्षांनी पुन्हा चालू होणारा मोबाईल मला कोणी दाखवावा, एवढेच मी मनात म्हणालो.

बंद ठेवल्याने यंत्र टिकते, हा संग्राहकांमधला सर्वांत चिवट गैरसमज आहे, हे मला त्या टेबलापाशी पुरते पटले. घरगुती संगणकांचेही तेच आहे. कोरे करकरीत, खोक्यातून कधी न काढलेले यंत्र चढ्या भावाने विकले जाते. आणि उघडून पाहावे तर घड्याळासाठी बसवलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी गळून तिच्या अल्कलीने मंडलपट्टीवरचे तांब्याचे मार्ग हिरवे करून खाल्लेले असतात. 1990 च्या आसपासच्या यंत्रांमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, आत द्रव असलेले भाग) पाझरतात, फ्लॉपी ड्राइव्हचे रबरी पट्टे वितळून चिकट होतात. यातले काहीही खोक्यावरच्या कोऱ्या वेष्टनावरून कळत नाही.

संग्रहालयातील एका वर्गखोलीत 1980 च्या दशकातले बीबीसी मायक्रो हे शालेय संगणक रांगेने मांडले आहेत आणि मुलांना त्यांवर बेसिक या सोप्या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहू दिले जातात. 1984 मध्ये भारतात सुरू झालेल्या क्लास या शालेय संगणकशिक्षणाच्या योजनेत शाळांना मिळालेले संगणक याच घराण्यातले होते. ह्या यंत्राच्या वीजपुरवठ्यात कागदी गाळणी-कपॅसिटर असतो. त्याचे पारदर्शक कवच वयोमानाने तडकते, आत दमट हवा शिरते आणि मग एके दिवशी, यंत्र उत्तम चालू असताना, खोलीभर उग्र वासाचा धूर होतो. यंत्र बहुधा वाचते. बघणाऱ्याचा जीव मात्र अर्धा होतो. जुना बीबीसी मायक्रो हाती आला की प्लग लावण्याआधी तो कपॅसिटर बदलावा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण आधी प्लग लावतो.

कलॉससचे दालन सर्वांत गर्दीचे असते आणि तिथे उकाडाही असतो, कारण सुमारे अडीच हजार व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या निर्वात काचनळ्या) एकाच वेळी तापलेले असतात. लॉरेन्झ या जर्मन यंत्राने सांकेतिक केलेल्या संदेशांच्या उकलीसाठी अभियंता टॉमी फ्लॉवर्स यांनी डॉलिस हिल येथील टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात ही रचना केली, तेव्हा इतके व्हॉल्व्ह एकत्र विश्वासाने चालतील असे अनेकांना वाटत नव्हते. फ्लॉवर्स यांना टेलिफोनच्या अनुभवातून ठाऊक होते, की व्हॉल्व्ह मरतात ते मुख्यतः चालू-बंद करताना. ते अखंड चालू ठेवले तर टिकतात. युद्धानंतर बहुतेक कलॉसस मोडून टाकले गेले आणि आराखडे फ्लॉवर्स यांना स्वतःच्या हातांनी जाळावे लागले. 1993 मध्ये टोनी सेल यांनी पुनर्बांधणी सुरू केली, तेव्हा त्यांच्यापाशी युद्धकाळातली आठ छायाचित्रे आणि काही अभियंत्यांनी नियम मोडून जपलेले विद्युत मंडलांच्या आकृत्यांचे तुकडे होते. मूळ यंत्राचा टेप-वाचक रचणारे अर्नोल्ड लिंच मदतीला आले. सुट्या भागांच्या बाबतीत काळ अनुकूल होता. ब्रिटनमधली जुनी यांत्रिक टेलिफोन एक्स्चेंज नेमकी तेव्हा मोडीत निघत होती, आणि कलॉससला लागणारे जोडणी निवडणारे स्विच, रिले व प्लग त्यांच्यातच होते. हेच काम दहा वर्षे उशिरा सुरू झाले असते, तर बरेचसे सामान भट्टीत गेलेले असते. 1996 मध्ये पहिला टप्पा चालू झाला तेव्हा फ्लॉवर्स स्वतः हजर होते. संपूर्ण यंत्र 2007 मध्ये कामाला लागले. सेकंदाला 5,000 अक्षरांच्या वेगाने धावणारी कागदी पट्टी चाकांवरून फिरताना पाहिली, की कागद इतका सोसतो यावरच विश्वास बसत नाही.

एडसॅक या सुरुवातीच्या काळातल्या संगणकाच्या प्रतिकृतीपाशी मात्र मी थोडक्यात आटोपले, कारण एव्हाना पाय बोलू लागले होते. मूळ यंत्र केंब्रिजमध्ये 1949 मध्ये मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली चालू झाले आणि 1958 मध्ये मोडीत काढले गेले. त्याच्या तीन हजार व्हॉल्व्हच्या सांगाड्यांपैकी एक 2015 मध्ये अमेरिकेतून परत आला, तोही प्रतिकृतीचे काम बरेच पुढे गेल्यावर. मूळ स्मृती पाऱ्याच्या नळ्यांत होती. प्रतिकृतीत सुरक्षिततेसाठी निकेलच्या तारा वापरल्या आहेत. हट्टी संग्राहकाला हे खटकेल. मला खटकले नाही, कारण पाऱ्याची वाफ श्वासात घेऊन अस्सलपणा जपण्यात शहाणपण नाही.

परतण्याआधी हौशी रेडिओवाल्यांच्या एका बाजारात गेलो. ब्रिटनमध्ये असे बाजार एखाद्या क्रीडागृहात भरतात आणि सुटे भाग शोधणाऱ्याला त्यांच्याइतकी चांगली जागा नाही, असे मला सांगितले गेले होते. ते खरेही आहे; पण तिथल्या गैरसोयींबद्दल कोणी सांगत नाही. टेबलांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेत पाठीवर पिशव्या लटकवलेली माणसे खोक्यात डोके घालून उभी. शिवाय जुन्या ध्वनिवर्धकांच्या शौकिनांनी व्हॉल्व्हचे भाव असे चढवून ठेवले आहेत, की यंत्र चालवण्यासाठी व्हॉल्व्ह हवा असणाऱ्याने नुसते पाहावे. डेकाट्रॉनही दिसले. टेबलावरच्या शोभेच्या घड्याळात बसवायला लोक ते घेतात, असे विक्रेत्याने कौतुकाने सांगितले. आणि निदान घड्याळात ठिपका फिरता तरी राहील, असे म्हणून मी राग गिळला.

मला 4116 जातीच्या रॅम, म्हणजे स्मृतीच्या, चिप हव्या होत्या. 1982 च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकामधल्या पहिल्या सोळा किलोबाइटसाठी अशा आठ चिप असतात. त्यांना उणे पाच, अधिक पाच आणि अधिक बारा व्होल्ट असे विजेचे तीन दाब लागतात. यंत्राच्या पोटातला हा दाब तयार करणारा एक छोटा ट्रान्झिस्टर बिघडला, की उणे पाच नाहीसा होतो आणि चिप एकामागून एक मरतात. म्हणून आधी दाब मोजावेत, ट्रान्झिस्टर बदलावा, आणि मगच नव्या चिप बसवाव्यात. नाहीतर त्याही त्याच वाटेने जातात. एका विक्रेत्याकडे चिपने भरलेल्या नळ्या होत्या. त्या तपासलेल्या आहेत का, असे मी विचारले. “शेवटच्या चालवल्या तेव्हा चालत होत्या,” असे उत्तर मिळाले. शेवटच्या केव्हा चालवल्या, असे विचारल्यावर त्यांनी आपल्या पत्नीकडे पाहिले आणि त्या दोघांत त्या वर्षावरून वाद सुरू झाला. तो मिटण्याची वाट न पाहता मी दोन नळ्या घेतल्या. घरी आल्यावर सगळ्या चिप तपासल्या. निम्म्याहून थोड्या अधिक चालल्या, आणि एका स्पेक्ट्रमला त्या पुरून उरल्या.