आत्या आणि तिची बॅग

आज आत्याला ओदाइबातल्या मिराइकान या विज्ञान संग्रहालयात नेलं. साताऱ्याहून तोक्योला आल्यापासून घरात बसून कंटाळली होती. नजर जाऊन वीस वर्षं झाली, पण कोणी दंडाला धरून ओढलेलं तिला अजून खपत नाही.

तिथे अंधांना वाट दाखवणारी ‘एआय सूटकेस’ आहे. दिसायला चाकांची प्रवासी बॅग, आत कॅमेरे, लायडार (प्रकाशाने अंतर मोजणारं यंत्र) आणि मोटर. मूठ धरली की चालते, सोडली की थांबते. वळायचं असलं की हाताला थरथर जाणवते. २०२१ साली मिराइकानच्या प्रमुख झालेल्या चिएको असाकावा यांची ही कल्पना. त्या स्वतः १४व्या वर्षापासून अंध. प्रवासात पुढे ढकललेली बॅग आपल्याआधी भिंतीला आपटते, हे त्यांच्या लक्षात आलं. तिथून सुरुवात!

पहिली पाच मिनिटं आत्या बॅगेलाच मागे खेचत होती. “अगं, हिला कसली घाई झालीय!” मग हळूहळू खांदे सैल पडले. शाळेची पोरं आडवी आली, बॅग थांबली, आत्याही थांबली. मी सवयीने हात पुढे केला, तर “तू हो बाजूला.” (थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू.)

जिने मात्र बॅगेला जमत नाहीत. परतताना स्टेशनात आत्याने घडीची पांढरी काठी झटक्यात उघडली आणि पिवळ्या उंचवट्यांच्या पट्टीवर पाय ठेवला. ही पट्टीही जपानचीच, १९६७ साली ओकायामात पहिल्यांदा बसवलेली.

गाडीत बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, “साताऱ्यात राजवाड्यावर भाजीला नेली ना ती बॅग, तर लोक विचारतील, काकू, कुठल्या गावाला निघालात?”